काचेआडचे चेहरे

मोटार शर्यतींच्या चित्रकाराचा विषय त्याच्यासमोर कधी बसत नाही. ताशी ३०० किलोमीटर वेगानं धावणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटर पुढे जाते. रस्त्याकडेच्या खांबासमोरून तिला पूर्ण सरकायला सेकंदाचा सोळावा भागही पुरतो, आणि तेवढ्यात आपली पापणीही धड लवत नाही. तरी शर्यती सुरू झाल्यापासून त्यांची चित्रं काढली जात आहेत. दगडी छपाईवर, पोस्टरवर, साप्ताहिकांच्या पानांवर, कॅनव्हासवर, भिंतींवर आणि आता हेल्मेटवरही. या चित्रांचा एक चोखंदळ, थोडासा वेडा ग्राहकवर्ग आहे. तो दुकानात जाऊन ‘वेगाचं चित्र’ मागत नाही. त्याला त्याचा लाडका चालक किंवा स्वार हवा असतो: फांजिओ, नाहीतर सेन्ना, हेलवूड, रॉसी.

म्हणजे या चित्रकाराला खरं तर व्यक्तिचित्र काढायचं असतं. पण त्याचा नायक यंत्रात अर्धा बुडालेला, डोळ्यांवर काच, क्षणात समोरून गेलेला. त्यातही गेल्या शंभर वर्षांत तो अधिकाधिक दिसेनासा होत गेला. दिसेनाशा होणाऱ्या माणसाला चित्रात कसं धरून ठेवायचं, हा या कलेचा मूळ पेच आहे आणि या पुस्तकातल्या चित्रांची निवड मी त्याच पेचाभोवती केली आहे. गाडीची चकाकी हुबेहूब उतरवणारी हजारो चित्रं बाजारात आहेत. त्यांचं कौशल्य मोठं, पण पत्र्यावरचं प्रतिबिंब अचूक आलं म्हणून आत बसलेला माणूस चित्रात येतोच असं नाही. तशी बरीच चित्रं मी बाजूला ठेवली.

सुरुवात पॅरिसमध्ये एर्नेस्ट माँतोपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची छापचित्रं निघत होती. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला नेला, तो काळ याच्या थोडाच आधीचा. दोन्हीकडे तंत्र दगडी छपाईचंच. रविवर्मा प्रेसमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. माँतोच्या कारखान्यात मात्र दगडावरून फक्त रेखाटन छापलं जाई आणि रंग साच्यांमधून हातानं भरले जात, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती रंगांत तंतोतंत जुळत नाहीत. माँतो १९०९ मध्ये गेला. त्याची बायको मार्गरीत ‘गॅमी’ अशी सही करून चित्रं काढत असे, आणि तिनं हे काम पुढेही चालू ठेवलं. या क्षेत्राच्या इतिहासात स्त्रियांची नावं फार कमी येतात, म्हणून तिची चित्रं इथे मुद्दाम जास्त घेतली आहेत.

माँतोच्या चित्रांत चाकं गोल नसतात. ती पुढे झुकलेली, लंबगोल असतात. मागे धुळीचा लोट आणि आडव्या रेघा. आज मुलांच्या चित्रकथांत धावणाऱ्या कुणाच्याही मागे ज्या रेघा ओढतात, त्या रूढ करण्यात याचा वाटा मोठा. पण मला महत्त्वाची वाटतात ती गाडीवरची दोन डोकी. त्या काळी चालकाशेजारी मेकॅनिक बसायचा. तेलाचा पंप मारायचा, मागून कोण येतंय ते पाहायचा, टायर फुटला की उतरून बदलायचा. ग्रांप्री शर्यतींतून ही प्रथा १९२५ मध्ये गेली. माँतोच्या चित्रात एकजण चाकावर ओणवलेला आणि दुसरा वळून मागे बघणारा असतो. नुसत्या या दोन देहांमुळे चित्रात नाट्य येतं, त्यासाठी वेगाच्या रेघा लागतच नाहीत.

झुकलेल्या चाकांचा किस्सा पुढे मोठा रंजक होतो. जाक-आंरी लार्तिग नावाच्या अठरा वर्षांच्या हौशी मुलानं १९१२ च्या सुमारास फ्रान्समधल्या शर्यतीत एक फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा फटीसारखा सरकत असे, आणि तो गाडीबरोबर कॅमेरा फिरवत होता. परिणाम असा की गाडीचं चाक पुढे कलंडलं आणि मागचे प्रेक्षक व खांब उलट्या दिशेला. लार्तिगला तो फसलेला फोटो वाटला आणि कित्येक वर्षं तो तसाच पडून राहिला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याचं प्रदर्शन भरवलं, त्यानंतर त्याचं नाव झालं आणि आज वेगाचं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र म्हणून हाच फोटो दाखवला जातो. माणसाच्या डोळ्याला चाक कधीच असं दिसत नाही. तरी आपण तो फोटो पाहतो आणि म्हणतो, काय वेग आहे! याची जुनी जोडी घोड्यांच्या चित्रांत सापडते. जेरिकोनं १८२१ मध्ये एप्समच्या डर्बीचं चित्र काढलं, त्यात घोड्यांचे चारही पाय हवेत ताणलेले आहेत. घोडा असा पळत नाही हे मायब्रिजच्या छायाचित्रांनी १८७८ मध्ये दाखवलं, पण लूव्हरमधल्या त्या चित्रातले घोडे आजही पळतात आणि मायब्रिजचे खरे घोडे हवेत टांगल्यासारखे दिसतात.

इटलीतल्या भविष्यवाद्यांना मी या पुस्तकात जागा दिलेली नाही. मारिनेत्तीनं १९०९ च्या जाहीरनाम्यात शर्यतीच्या गाडीला ग्रीक विजयदेवतेच्या शिल्पाहून सुंदर ठरवलं, आणि बालानं धावत्या मोटारींच्या चित्रांची मालिकाच केली. चित्रं थोरच आहेत. पण त्यांना यंत्र हवं होतं, चालक नको होता, आणि इथे शोध चालकाचा आहे.

पोस्टरांची गोष्ट वेगळी. मोनाकोची पहिली ग्रांप्री १९२९ ची. ती विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सनं हिरव्या बुगाटीतून जिंकली. पुढची तीन वर्षं रोबेर फाल्कुचीनं आणि १९३३ पासून जेओ आम यानं या शर्यतीची पोस्टरं केली. आज लिलावात या पोस्टरांच्या मूळ प्रतींवर उड्या पडतात. जेओ आम याच्या पोस्टरांत आपण जणू रस्त्यावर पालथे पडून बघतो आणि गाडी तिरपी, अंगावर येते. पोस्टरची एक गंमत विसरली जाते. ते शर्यतीच्या आधी छापायचं असतं. कोण जिंकणार, कुणाचं इंजिन जळणार, हे चित्रकाराला ठाऊक नसतं. म्हणून तो नाव असलेला माणूस काढत नाही, रंग काढतो. लाल म्हणजे इटली, निळा म्हणजे फ्रान्स, हिरवा म्हणजे ब्रिटन. मोनाकोच्या त्या सुंदर पोस्टरांतले चालक कुणीच नाहीत, आणि म्हणूनच त्या काळच्या प्रत्येक प्रेक्षकाला त्यात आपापला लाडका चालक दिसू शकला असावा.

नाव-गाव असलेला माणूस चित्रात आला तो साप्ताहिकांमुळे. लंडनच्या ‘द ऑटोकार’चा फ्रेडरिक गॉर्डन क्रॉस्बी हा या मंडळींतला सर्वांत मोठा, असं माझं मत आहे. जॅग्वार गाडीच्या नाकावरचा उडी घेणारा प्राणी त्याचाच, पण ते त्याचं किरकोळ काम. १९२७ ची ल मांची २४ तासांची शर्यत घ्या. रात्र पडता पडता ‘व्हाइट हाउस’ नावाच्या वळणावर एक फ्रेंच गाडी आडवी झाली आणि मागून आलेल्या तिन्ही बेंटले एकामागून एक त्या ढिगाऱ्यात घुसल्या. तिसरी बेंटले सॅमी डेव्हिसची. रस्त्यावर माती आणि लाकडाच्या ढलप्या दिसल्या म्हणून त्यानं वेग कमी केला होता, तरीही धडक चुकली नाही. वाकलेला आस, फुटलेला दिवा अशा अवस्थेत त्यानं गाडी बाहेर ओढली, जमेल तशी दुरुस्त केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं आणि डडली बेंजाफील्डनं ती शर्यत जिंकली. हा डेव्हिस ‘द ऑटोकार’चा क्रीडा-संपादक होता. म्हणजे क्रॉस्बीनं हा अपघात चितारला तेव्हा तो आपल्याच कचेरीतल्या माणसाचं चित्र काढत होता.

त्या चित्रात काळोख आहे, दिव्यांचे झोत आहेत आणि उलटसुलट पडलेल्या गाड्या. कॅमेऱ्याला त्या काळात हे जमण्यासारखं नव्हतं. आणि जमलं असतं तरी फोटोग्राफर नेमका त्या वळणावर, नेमक्या त्या मिनिटाला उभा असायला हवा होता. चित्रकार उशिरा पोचला तरी चालतं. तो चालकाला विचारतो, मोडकी गाडी बघतो, वळणावर जाऊन उभा राहतो आणि मग घडून गेलेला क्षण पुन्हा मांडतो. बातमीदाराचं आणि चित्रकाराचं काम इथे एकत्र येतं. छापखान्याची वेळ गाठायची म्हणून क्रॉस्बीच्या हाताला जी घाई आहे, ती त्याच्या रेषेला मानवते. पुढच्या काळातले चित्रकार महिनोन्महिने एका कॅनव्हासवर घालवतात आणि ती घाई नेमकी हरवून बसतात.

अमेरिकेत पीटर हेल्कनं दुसराच मार्ग धरला. लहानपणी त्यानं १९०६ ची व्हँडरबिल्ट चषकाची शर्यत पाहिली. त्या शर्यतीत धावलेली आणि पुढे १९०८ मध्ये तोच चषक जिंकलेली लोकोमोबिल गाडी त्यानं १९४१ मध्ये चक्क विकत घेतली. ‘ओल्ड १६’ नावानं ती ओळखली जाते आणि आता डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. मॉडेलला घरी आणून ठेवणारे चित्रकार पुष्कळ झाले, पण इतकं अवजड मॉडेल कुणी ठेवलं नसेल. जर्मनीच्या वॉल्टर गॉट्श्केकडे याच्या उलट गुण होता. चार फटकाऱ्यांत, जलरंगासारख्या वाहत्या रंगांत तो अख्खी सुरुवातीची रांग उभी करी. आयुष्याची शेवटची वर्षं त्याला अंधत्वात काढावी लागली.

१९५० चं दशक हे या चित्रकारांचं माहेर. पुन्हा पुन्हा तेच दोन-तीन प्रसंग रंगवले जातात आणि त्याला कारणही आहे. १९५५ ची मिल्ये मील्या ही ब्रेशा ते रोम आणि परत अशी सुमारे १,६०० किलोमीटरची, साध्या रहदारीच्या रस्त्यांवरची शर्यत. स्टर्लिंग मॉसनं ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. त्याच्या चंदेरी मर्सिडीझवर मोठ्या लाल आकड्यांत ७२२ लिहिलेलं असतं, कारण तिची सुटण्याची वेळ सकाळी ७ वाजून २२ मिनिटं होती. शेजारी दाढीवाला पत्रकार डेनिस जेंकिन्सन. वळणांच्या नोंदी लिहिलेली कागदाची गुंडाळी डबीत फिरवत, इंजिनाच्या गोंगाटात हातानं खुणा करून तो मॉसला पुढचा रस्ता सांगत होता. दाढी, गॉगल, खूण करणारा हात, चाकावरचे दुसरे दोन हात. व्यक्तिचित्राला आणखी काय हवं?

दुसरा प्रसंग १९५७ चा, न्यूरबर्गरिंगचा. ४६ वर्षांचा हुआन मान्युएल फांजिओ इंधन आणि टायरसाठी थांबला, थांबा लांबला, आणि तो पुढच्या दोन फेरारींच्या पाऊण मिनिटाहून जास्त मागे पडला. मग जवळजवळ २३ किलोमीटरच्या त्या डोंगरी वळणांच्या मार्गावर त्यानं फेरीमागून फेरी विक्रम मोडत त्या फेरारींतल्या हॉथॉर्न आणि कॉलिन्स दोघांनाही गाठलं. पाचवं जगज्जेतेपद त्यानं तिथेच पक्कं केलं, आणि जागतिक स्पर्धेतला हा त्याचा शेवटचा विजय. त्याची मासेराटी २५०एफ चित्रकारांना इतकी प्रिय का, हे गाडीच्या आकारात शोधू नये. त्या गाडीत चालक छातीपर्यंत बाहेर दिसतो. आखूड बाह्यांतले दंड, कोपरं, मान. गाडी घसरत असताना चाक उलट्या दिशेला फिरवणारे हात. फांजिओच्या देहाची ठेवणच सांगते की हा माणूस घाबरलेला नाही.

त्यानंतर गाडीनं माणूस गिळायला सुरुवात केली. १९६२ मध्ये कॉलिन चॅपमनच्या लोटस २५ मध्ये जिम क्लार्क जवळजवळ पाठीवर रेलून गाडी चालवू लागला आणि कोपरं गेली. १९६८ मध्ये डॅन गर्नीनं फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणलं आणि तोंड गेलं. त्याच वर्षी लोटसनं हिरवा रंग उतरवून सिगारेटच्या पाकिटाचे रंग चढवले आणि देशाची ओळखही गेली. २०१८ पासून डोक्याभोवती ‘हेलो’चं कडं आलं. यांतल्या हेल्मेटनं आणि हेलोनं चालकांचे जीव वाचवले, तेव्हा चित्रकारांनी हळहळणं अप्पलपोटेपणाचंच. पण हळहळ या चित्रांतून दिसते. आजच्या चित्रकारांपैकी अर्धेअधिक अजून १९५७ मध्येच राहतात.

जे राहिले नाहीत, त्यांनी हेल्मेटलाच चेहरा मानलं. ग्रॅहम हिलच्या गडद निळ्या हेल्मेटवर पांढऱ्या वल्ह्यांची पाती होती. तो लंडन रोइंग क्लबचा, आणि ही पाती त्या क्लबची. मुलगा डेमननं तीच वापरली आणि दोघेही जगज्जेते झाले. जॅकी स्ट्युअर्टनं आपल्या कुळाच्या चौकड्यांचा पट्टा लावला. आयर्तों सेन्नाचं पिवळं हेल्मेट, त्यावरचे हिरवे-निळे पट्टे, हे ब्राझीलच्या सिड मोस्का या रंगाऱ्याचं काम. आज सेन्नाचं चित्र काढणाऱ्याला नाक-डोळे काढावे लागत नाहीत. पिवळा गोल आणि दोन पट्टे पुरतात.

सेन्नाबद्दल थोडं कडू बोलायला हवं. इमोला इथे १ मे १९९४ रोजी तो गेला. तिथल्या ताम्बुरेल्लो वळणाजवळ स्तेफानो पिएरोत्तीनं केलेला त्याचा कांस्यपुतळा आहे, मान खाली घालून बसलेला. लोक तिथे झेंडे आणि फुलं ठेवतात. साओ पाउलोत एदुआर्दो कोब्रानं भिंतभर सेन्ना रंगवला. इमोलाच्याच मार्गावर, सेन्नाच्या आदल्याच दिवशी, रोलांड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन चालक मेला. त्याचं चित्र मात्र शोधत फिरावं लागतं. ही कला मरणाला भिडते असं तिचे चाहते म्हणतात. माझ्या मते ती विजेत्यांच्याच मरणाला भिडते. बाजाराची तऱ्हाही तीच. मर्यादित प्रतींच्या छापांवर चित्रकार पेन्सिलीनं सही करतो आणि शेजारी चालकाची सही घेतली जाते. किंमत ठरते ती दुसऱ्या सहीवर.

मोठ्या आधुनिक चित्रकारांनीही या मैदानात पाऊल टाकलं. एर्वे पूलँ हा फ्रेंच लिलावकर्ता स्वतः शर्यतीत उतरायचा. त्याच्या कल्पनेतून १९७५ मध्ये अलेक्झांडर काल्डरनं एक बीएमडब्ल्यू रंगवली आणि ती ल मांला धावली. १९७९ मध्ये अँडी वॉरहॉलनं अर्ध्या तासाच्या आत एक गाडी स्वतः रंगवून मोकळी केली, ती शर्यतीत सहावी आली. या गाड्यांचं कौतुक खूप झालं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला भिडतं ते फ्रँक स्टेलाचं नंतरचं काम. स्वीडनचा चालक रॉनी पीटरसन त्याचा मित्र होता. १९७८ मध्ये माँझाच्या अपघातानंतर पीटरसन गेला, आणि १९८० मध्ये स्टेलानं त्याच्या नावानं छापचित्रांची मालिका केली. त्यात गाडी नाही, माणूस नाही, फक्त वर्तुळं, पाकळ्या आणि रंग. माणसाला शोधत निघालेल्या या पुस्तकात अशी चित्रं का, असं कुणी विचारेल. चेहरा काढणं शक्य असूनही मित्रानं तो काढला नाही, म्हणून.

पुस्तकाचा उरलेला, जवळजवळ निम्मा भाग दुचाकीस्वारांना दिला आहे. मोटारींची चित्रं प्रसिद्ध, दुचाकींची मागे पडलेली, पण चित्रकाराच्या दृष्टीनं दुचाकी कितीतरी श्रीमंत. स्वार लपू शकतच नाही. त्याचं शरीर हाच यंत्राचा निम्मा भाग असतो. वळणात गाडी साठ अंशांपर्यंत कलते, गुडघा रस्त्याला घासतो, आणि खांदा, कंबर, मांडी यांचं वजन कुठे आहे हे चित्रकाराला कळलं नसेल तर पाहणाऱ्याला लगेच वाटतं, हा आता पडणार. मोटारीचं चित्र छायाचित्रावरून बेतता येतं, इथे शरीरशास्त्र यावं लागतं. डोकं तर यांचं आधीपासूनच झाकलेलं. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत हेल्मेटची सक्ती १९१४ मध्येच झाली, मोटारींच्या ग्रांप्रीत ती यायला १९५२ उजाडलं. त्यामुळे दुचाकीच्या चित्रकारानं चेहऱ्यावर फारसं विसंबून राहायचं नाही हे लवकर शिकून घेतलं.

दोन्ही जगांत वावरलेला तात्सिओ नुवोलारी इथे भेटेल. पिवळी बंडी आणि तिच्यावर कवी द’अनुन्त्सिओनं भेट दिलेलं सोन्याचं कासव. १९२५ मध्ये माँझाला अल्फा रोमिओ मोटारीची चाचणी घेताना तो जबर जखमी झाला आणि काही दिवसांतच पट्ट्यांत गुंडाळलेल्या अंगानं त्यानं बियांकी मोटारसायकलवर शर्यत जिंकली. त्याला उचलून गाडीवर बसवावं लागलं, असं सांगतात. माइक हेलवूड भेटेल, अकरा वर्षांनी टीटीला परतून १९७८ मध्ये डुकाटीवर जिंकलेला. आणि जोई डनलप. टीटीचे २६ विजय त्याच्या नावावर होते. तो विक्रम त्याच्या पुतण्यानं, मायकलनं, २०२४ मध्ये मोडला. जोई २००० साली एस्टोनियात शर्यतीत गेला. मॅन बेटावर बंगलो नावाच्या डोंगरी टप्प्यावर त्याचा पुतळा आहे. होंडावर बसलेला, पण वाकलेला नाही. गाडी उभी करून रस्ता न्याहाळत बसल्यासारखा. शिल्पकाराला वेग दाखवण्याचा मोह आवरला, हे विशेष.

आपल्याकडे ही कला गॅलरीत आलेली नाही. २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन ग्रेटर नोएडात आली आणि गेली, दुचाकींची मोटोजीपी २०२३ मध्ये येऊन गेली. पण पुण्या-कोल्हापुरात सिग्नलला थांबलात तर पुढच्या दुचाकीच्या टाकीवर पिवळा ४६ चिकटवलेला दिसण्याची शक्यता बरीच आहे. तो आकडा व्हॅलेंतिनो रॉसीचा, आणि त्याच्या आधी त्याच्या वडिलांचा, ग्राझियानोचा. चालवणाऱ्यानं इटलीतल्या मुजेल्लो शर्यतमार्गाचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही. चौकातल्या रेडियमवाल्यानं हातानं कापलेले असे आकडे मी या पुस्तकात घेतले आहेत. ती कला आहे की नाही, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा.

रॉसीची हेल्मेटं आल्दो द्रुदीनं केली. सूर्य, चंद्र आणि भडक रंग यांत रमणाऱ्या या माणसाला मी आजचा सर्वांत कल्पक शर्यत-चित्रकार मानतो. मुजेल्लोच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला स्वारांना जिवावर उदार होऊन ब्रेक लावावा लागतो. २००८ मध्ये तिथे रॉसी उतरला तेव्हा त्याच्या हेल्मेटच्या माथ्यावर त्याचाच चेहरा होता. डोळे विस्फारलेले, तोंड वासलेलं, घाबरगुंडी उडालेला. स्वार टाकीवर ओणवला की समोरच्या कॅमेऱ्याला हेल्मेटचा माथा दिसतो, चेहरा नाही, म्हणून चेहरा तिथे नेला. शर्यत रॉसीनं जिंकली. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला तो आपल्या चुकीनं पडला, आणि आठवड्याभरात घरच्या मिसानोला आला तो हेल्मेटवर गाढव रंगवून. तीही शर्यत त्यानं जिंकली आणि बक्षीस घ्यायला गाढवाचे कान लावून चढला.